नळीतला बुडबुडा

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याला विचाराल तर तो जेवण बाजूला ठेवून तासभर सांगत बसेल. पण माझं माप चुकत नाही, असं गावात सगळे म्हणायचे. पाणलोटाचं सरकारी काम आलं तेव्हा साहेबांनी टेकडीवर जमलेल्या चाळीस माणसांतून मला निवडलं, ते काही माझ्या गोड बोलण्यावर भाळून नाही. तेव्हापासून मी नळीवाली.

काम साधं असतं. वीस हात लांबीची पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली. काठ्यांवर आकडे. दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे चुन्याची खूण करायची आणि पुढे सरकायचं. खुणा जोडल्या की टेकडीच्या अंगावर आडवी ओळ तयार होते, त्या ओळीवर चर खणतात. चर पातळीत असला तर पावसाचं पाणी त्यात उभं राहतं आणि जागच्या जागी जिरतं. कलता असला तर सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि तिथून फुटून खालची माती घेऊन जातं.

दुसरी काठी माझ्या धाकट्या बहिणीकडे असायची. टेकडीखाली बापाचं एक शेत होतं, त्याचे दोघींत दोन तुकडे झाले. पुढे वर सातवा चर आला, त्याच्या मध्याखालचा माझा, टोकाखालचा तिचा. तिच्या तुकड्यात खडक उघडा पडला होता. बाईनं दोन वर्षं तलावातला गाळ वाहिला. योजनेतून गाळ फुकट मिळायचा, पण वाहायचा ज्याचा त्यानं. टोपल्या वाहून वाहून तिची मान कायमची एका बाजूला कलली. शेवटी वीतभर माती झाली. त्या दिवशी ती मातीत अनवाणी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आता मी नुसती अशीच उभी राहिले ना, तरी मला पालवी फुटेल."

आणि मी काय केलं, तर आईवरून भांडण काढलं. आई माझ्याकडे होती. मी म्हटलं, आता तुझ्याकडे ने. ती म्हणाली, माझं घर एका खोलीचं, कोपऱ्याचा गाळ राहिलाय, तेवढं संपेपर्यंत थांब. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुला माती वाहायला वेळ आहे, जन्मदात्रीला वेळ नाही!" आई शेजारच्या खोलीतच होती, तिला सगळं ऐकू गेलं. धाकटी रडली नाही. उठली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सातवी ओळ आखायची होती. आता नीट ऐका. रोज नळी भरली की आधी दोन्ही काठ्या एकमेकींना चिकटवून उभ्या करायच्या आणि पाणी सारखं आहे का ते बघायचं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तिथेच कळतं. पण काठ्या चिकटवायच्या म्हणजे खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. ती पुढे जाऊन पाठ करून उभी राहिली. मी म्हटलं, मी का जाऊ? दिवसभर आम्ही चुनेवाल्यामार्फत बोललो. "तिला सांग, बेचाळीस." "तिला सांग, कळलं." चुनेवाला वैतागून म्हणाला, "बायांनो, मी चुना टाकायला आलोय, निरोप द्यायला नाही." आम्ही दोघी हसलो नाही. एरवी हसून लोळलो असतो.

चर खणून झाला. साहेब आले, त्यांनी लांबी, रुंदी, खोली मोजली, फोटो काढले, सही केली. पातळी कुणी मोजत नाही. ती नळीवालीनं मोजलेली असते ना!

आठवड्यानं एक हलकी सर येऊन गेली. मी सहज वर गेले. माझ्या शेताच्या वर चरात जेमतेम घोटाभर पाणी होतं. चालत टोकाला गेले, तर धाकटीच्या शेताच्या डोक्यावर चर काठोकाठ. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तशीच धावत गोदामात गेले. त्या दिवसानंतर नळी कुणी वापरलीच नव्हती. दोन्ही टोकं एकत्र धरली. दोन बोटांचा फरक. मधे मण्याएवढा बुडबुडा अडकून बसला होता. एका मापाला दोन बोटं, अशी आम्ही तीस मापं घेतली होती.

ऑफिसात साहेब जेवणाचा डबा उघडत होते.

"साहेब, सातवी ओळ कलती आहे. माझी चूक आहे. माणसं द्या, चरात आडवे बांध घालते."

"सातवी? ती पूर्ण झाली. कागद वर गेले."

"कागद गेले, पण पाणी धाकटीच्या शेतात जाणार आहे."

"मंजूर कामाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, बाई. सोमवारी समिती येतेय. अर्ज लिहून दे."

"पाऊस सोमवारपर्यंत थांबेल?"

"ते माझ्या हातात आहे का?" असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. वाईट माणूस नाही तो, पण मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

माणसं गोळा करायला घरोघर फिरले. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. सरकारी चर उकरला म्हणून पुढच्या कामावरून नाव कापलं तर खायचं काय? त्यांचंही खरं होतं. शेवटी जिथे जायला पाय उचलत नव्हते, तिथे गेले. धाकटी दारात बसून टोपलीची कड बांधत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. आता ही मला उभी चिरेल, असं वाटलं.

तिनं टोपली बाजूला ठेवली आणि म्हणाली, "दुसरी काठी माझ्याच हातात होती ना." आणि आतून दोन फावडी घेऊन आली.

तीस आडवे बांध घालायला हवे होते, म्हणजे पाणी कप्प्याकप्प्यात अडकलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचे अकरा झाले. तळहात सोलले. तेवढ्यात पलीकडून काळंभोर आभाळ आलं आणि कोसळायलाच लागलं. आमचे बांध ओल्या भाकरीसारखे विरघळले. चर वाहायला लागला.

"मी टोकाला पोती लावते," धाकटी ओरडली. "तू मधे जा. नाहीच आवरलं तर मधे फोड, ताई. अर्धं तुझ्याकडे जाईल, पण..."

"फोडते, फोडते, जा तू!"

मी मधे जाऊन उभी राहिले. चराची कड तिथे हातभरच जाड होती, ओली, लोण्यासारखी. चार घाव पुरले असते. खाली माझं शेत होतं, नुकतं पेरलेलं, बोटभर हिरवं. मी फावडं उचललं.

"ताई, फोड!"

हात वर होता. तो खाली येईना. मी मनात म्हणत होते, जरा थांबू, कदाचित ओसरेल.

"ताई, फोड गं!"

"मुरूम आहे इथे!" मी ओरडले. "फावडं लागत नाही!"

मुरूम नव्हता. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. मग टोकाकडून मोठा आवाज आला, आणि दोन वर्षांची माती लाल होऊन खाली ओढ्यात गेली. मी धावत पोचले तेव्हा धाकटी गुडघाभर पाण्यात वाकून दोन्ही हातांनी चिखल कवटाळत होती. तो तिच्या बोटांतून निसटून जात होता.

सोमवारी समिती आली आणि तिनं नोंद केली, अतिवृष्टी. माझं नाव कुठेच आलं नाही.

आई आता धाकटीकडे आहे. तिनं स्वतः येऊन नेली. माझे सोललेले हात हातात घेऊन म्हणाली, "मुरुमात इतकी राबलीस माझ्यासाठी, आणि मी आईवरून अडून बसले." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि म्हटलं, "आईला उशी जाड लागते."

दुरुस्ती मंजूर झाली, आज सातवी ओळ पुन्हा आखायला घेतली. नळी भरली. धाकटी आपणहून आली, माझ्या काठीला काठी चिकटवली, खांद्याला खांदा लावला.

"बघ ताई, आज कसं सारखं आहे," ती म्हणाली.

पाणी अगदी सारखं होतं. मी पाण्याकडेच बघत राहिले.