मधली कोरी चौकट

वीस वर्षं चित्रकथा काढतोय मी, पण माझा असा पचका आजवर कुणी केला नव्हता.

भाचीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं आणि बाईसाहेबांनी पलंगाखाली ठाण मांडलं. ताई रडकुंडीला आली. मला म्हणाली, गावभरच्या पोरांना गोष्टी सांगतोस, घरच्या पोरीला एक सांग की. बसलो काढायला. हसत हसत ऑपरेशनला निघालेली मुलगी, हुबेहूब आमची भाची. पापणी न् पापणी, गालावरचा तीळ, फ्रॉकची चूण, सगळं जिथल्या तिथे. डॉक्टरांच्या हातातली सुईसुद्धा कशी लखलखीत. हात आहेच आपला तसा, खोटं कशाला बोलू.

भाचीनं पलंगाखालीच पानं उलटली आणि बाहेर सरकवली.

"छान आहे. मग हिलाच पाठवा ना ऑपरेशनला."

माझा पारा चढला. ताई तोंड फिरवून हसत होती, तिचाही राग आला. पण डोकं थंड झाल्यावर पटलं, पोरगी बरोबर बोलत होती. चेहरा इतका नेमका काढला की तो दुसऱ्या कुणाचा तरी होऊन बसतो, आपल्याला आत शिरायला जागाच उरत नाही. आणि सुईचं तर विचारूच नका. तसली टोकदार रेघ दिसली की अंग आधीच आकसतं.

मग जिवावर आलं तरी दुसऱ्यांदा काढलं. चेहरा म्हणजे एक गोल, दोन ठिपके, एक रेघ. डॉक्टर गोलमटोल, जाड मऊ रेघांचे. पहिल्या चौकटीत मुलगी झोपते, तिसरीत उठून आइस्क्रीम मागते. मधल्या चौकटीत काय दाखवावं ते सुचेना, म्हणून ती कोरीच ठेवली. खरं सांगतो, पान देताना मला लाज वाटत होती.

या वेळी पान परत आलं नाही. आतून पेन मागितलं गेलं. बऱ्याच वेळानं केसांत धूळ घेऊन भाची स्वतःच बाहेर आली. गोल चेहऱ्याला तिनं स्वतःसारखी पडलेल्या दाताची फट काढली होती. "ही मी," म्हणाली. मधली चौकटही भरली होती. बंद दार, दाराबाहेर एक लांबोडका माणूस, तोंडाची नागमोडी रेघ, कपाळावर घामाचे थेंब.

"हा कोण गं?"

"तू. मी तर झोपलेली असणार. घाबरणार तूच."

गुरुवारी ती टाटा करून आत गेली. दार उघडेपर्यंत मी ते पान हातात धरून बसलो होतो, आणि ताई सांगते, तोंड अगदी तस्संच होतं.