भागूबाईचा गुरुवार

तनुजाचं रक्त सातवरच. महिनाभर मी जीव तोडून खाऊ घातलं, अन् कागदावर आकडा तोच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भागूबाई, दहाच्या वर गेल्याशिवाय हिच्या गर्भाशयातल्या गाठीचं ऑपरेशन करता येणार नाही. दर महिन्याला एवढं रक्त जातंय, जास्त दिवस थांबणं बरं नाही. नीट जेवते ना ही?" माझ्या सुनेनं, तनुजानं, मान डोलावली. मला तोंडात मारल्यागत झालं, कारण घरातली चूल माझ्या हातात.

चिकलठाण्याला घरी येईस्तोवर रिक्षात माझा पाय एका जागी ठरेना. राग कुणाचा आला तेच कळेना. डॉक्टरणीचा, सुनेचा, की माझ्या रांधण्याचा.

माझा पोरगा शिवराज शेंद्र्याला कंपनीत कंत्राटावर आहे. दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद झाला अन् किराण्याची चिठ्ठी निम्म्यावर आली. डाळिंब, खजूर, पावडरचा डबा आपल्याला झेपत नाय. पण रक्त काय नुसतं डाळिंबातच असतं व्हय? मी बाजार उठायच्या वेळेला जाते, तेव्हा माठाचा, मेथीचा वाटा स्वस्तात पदरात पडतो. मटकीला मोड आणते. बाजरीची भाकर, जवसाची चटणी, गूळ-फुटाणे. पलीकडच्या सोसायटीच्या वॉचमनला सांगून शेवग्याचा पाला आणते, तो तर फुकट. भाजी लोखंडी कढईतच करते. माझी नात मोनिका नाक मुरडते, पण गाल बघा पोरीचे. मग त्याच कढईतलं खाऊन नात टुणटुणीत अन् सून पांढरीफटक, हे कसं काय?

त्या दिवसापासून मी तनुजावर डोळा ठेवला. ती मशीनवर ब्लाउज शिवत बसली की मी उगंच उठायचे, दुरडीतल्या भाकरी बघायचे, पुन्हा बसायचे. पुन्हा उठायचे. ती म्हणाली, "आई, काय शोधताय?" मी म्हणाले, "काय नाय."

आठवडाभरात उमगलं, अन् कपाळावर हात मारून घेतला. लपूनछपून काहीच नव्हतं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललेलं. सोमवारचा उपास, गुरुवारचा उपास. ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून शनिवार नवा धरलेला. वरून चतुर्थी अन् एकादशी. साबुदाणा-भगर परवडत नाय म्हणून दिवसभर नुसता कोरा चहा, अन् रक्ताची लाल गोळीही त्याच चहाबरोबर. डॉक्टरीणबाईंनी तर चहाबरोबर घेऊ नका म्हणून बजावलं होतं. मी रोज बघत होते तरी दिसलं नाय. उपास म्हटलं की माणूस उपाशी आहे हे आपल्या ध्यानातच येत नाय.

बुधवारी सांजच्याला मी सरळ सांगितलं. "तनुजा, उद्यापासून उपास बंद. रक्त वाढलं की मग धर काय धरायचे ते."

ती दोरा ओवता ओवता थांबली. "आई, असं कसं? तुम्ही चाळीस वर्षं गुरुवार धरलात. दुखण्यात, बाळंतपणात, कधी मोडला नाही. अन् मी थोडी चक्कर येते म्हणून घाबरून देवाला सोडू?"

शिवराज तिथंच मोबाइल बघत बसलेला. तो म्हणाला, "करू दे ना आई. मी चार वर्षांचा असताना काविळीनं चाललो होतो. तुझ्या गुरुवारानंच वाचलो ना? तूच असं बोलायला लागलीस तर कसं व्हायचं?"

हे तो सगळ्या गल्लीला सांगतो. गल्लीतल्या नव्या सुना गुरुवारी माझ्या पाया पडायला येतात. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, लई आवडायचं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाय. या कुशीवरून त्या कुशीवर. एकच बोलायचं होतं, पण ते बोलल्यावर माझ्यापाशी काय उरणार होतं? पोराच्या नजरेतली आई तेवढी एकच कमाई होती माझी. पण पडद्यापलीकडं तनुजा पाणी प्यायला उठली अन् भिंतीला धरून उभी राहिली, बराच वेळ. मी तिची सावली बघत पडून राहिले अन् मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी शिवराजची दुसरी पाळी, म्हणून दुपारी घरीच जेवत होता. तनुजा त्याला वाढून बाजूला बसलेली, पुढ्यात कोऱ्या चहाचा कप. मी तो कप उचलला अन् मोरीत ओतला. दोन ताटं घेतली. एक तिच्यापुढं ठेवलं, एक माझ्यापुढं. दोन्हीत भाकर, शेवग्याच्या पाल्याची भाजी, मोडाची उसळ.

"आई, आज गुरुवार आहे," शिवराज म्हणाला.

"ठाऊक आहे मला. गप बस अन् ऐक. आमच्या गावचा बाजार शुक्रवारी भरायचा. घरात खाणारी अकरा तोंडं, मी सगळ्यांत धाकटी सून, सगळ्यांच्या मागून जेवणारी. गुरुवारी पिठाचा डबा तळाला लागायचा. माझ्या वाट्याला भाकर उरायचीच नाय. एका गुरुवारी सासूनं विचारलं, का गं, जेवली नाहीस? उरलं नाय असं म्हणायची सोय नव्हती. मी म्हणाले, उपास आहे. सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या गुरुवारी कुणी विचारलंच नाय. झाला माझा गुरुवार सुरू."

शिवराजचा हात ताटातच राहिला. "मग माझी कावीळ?"

"तुला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. आठ दिवस सलाइन लावलं. त्यानं वाचलास तू. मी त्या गुरुवारीही उपाशीच होते, पण देवासाठी नव्हते रे. देवाचं नाव मागून जोडलं."

"एवढी वर्षं बोलली नाहीस."

"कशी बोलणार? पाया पडायला लागले होते लोक."

तो माझ्याकडं बघेना. मला वाटलं, आता उठून जाईल. मी तनुजाकडं वळले. "तू का धरतेस ते मला नको सांगू. ओव्हरटाइम बंद झाल्यावरच तुझे उपास कसे वाढले, एवढं मला कळतंय. मला तू जिवंत पाहिजेस, पोरी. माझ्यासारखी उपाशी राहून मोठी नको होऊस."

तनुजा खाली मान घालून बसली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी तिनं पुसलं नाय. "मोनिकाचं दूध बंद करावं लागलं असतं, आई," एवढंच म्हणाली.

शिवराजनं आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडली अन् बायकोच्या ताटात ठेवली. अजूनही तो माझ्याकडं बघत नव्हता. मी म्हटलं, नसू दे. बघेल कधीतरी.

ती घास घेईना, म्हणून आधी मी घेतला. चाळीस वर्षांत गुरुवारी भरदुपारी पहिल्यांदा भाकर तोंडात. घास लवकर गिळवेना. मग तिनं घेतला. एक, मग दुसरा, मग खाली बघून भराभरा, उसळीत बोटं बुडवून. तिची भाकर संपली, शिवराजची अर्धी संपली. ताट पुसून झालं तरी ती उठली नाय.

"आई," ती हळूच म्हणाली, "अजून एक मिळंल का?"

या घरात येऊन अकरा वर्षं झाली तिला, कधी मागून घेतलं नव्हतं. दुरडीत भाकर उरली नव्हती. मी म्हणाले, "बस, उठू नको," अन् पीठ मळायला घेतलं.