बंद झालेली टाच

पोदलिपा गावात कुणाला भाजलं, की पहिली हाक डॉक्टरला नाही, राबियाला जायची. मेण, पाइनचा चीक, लोणी आणि अंड्याच्या बलकाचं तेल मंद आचेवर कढवून ती मलम करायची. सासूनं तिला शिकवलेलं, सासूला तिच्या सासूनं. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. लोक कॉफीचं पुडकं नाहीतर साखरेचा खोका ठेवून जात. आणि एक नेम होता: मलम लागलं की जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, दुसरं औषध जवळ फिरकू द्यायचं नाही. नाहीतर मलम रुसतं, असं ती म्हणायची. हसू नका. तिनं बरे केलेले हात आजही त्या गावात लाकडं फोडताहेत.

गवत गोळा करताना तिच्या नवऱ्याचा, हिल्मोचा, पाय दाताळ्यावर पडला आणि टाचेत खोल भोक पडलं. त्याला मधुमेह होता, पायाला फारसं कळायचं नाही. बूट काढल्यावर रक्त पाहून त्याचं त्यालाच नवल वाटलं. राबियानं मलम भरलं आणि पट्टी बांधली.

मुलगी एदिना सारायेव्हो शहरात नर्स होती. शनिवारी ती घरी आली, पट्टी सोडून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे भाजणं नाही, भोक आहे. वरून बंद झालं तर आतल्या आत सडेल. ते तळापासून भरत यायला हवं. आमच्याकडे आता नवीन उपचार आहे. जखमेत स्पंज ठेवतात, वरून पातळ पडदा चिकटवतात आणि एक छोटं यंत्र आतली घाण ओढून घेत राहतं."

"म्हणजे गाईचं दूध काढायचं यंत्र तू तुझ्या बाबोच्या टाचेला लावणार," राबिया म्हणाली.

हिल्मोला हसू आवरेना. "दूध काही यायचं नाही, पोरी. प्लमची दारू आली तर आली."

"बाबो, थट्टा पुरे. चल माझ्याबरोबर. नाहीतर निदान या गोळ्या तरी घे."

"घरात तुझ्या आईचं मलम असताना? मीच दवाखाना धरला, तर लोकांनी काय करायचं?"

राबियाला ते ऐकून बरं वाटलं. फारच बरं वाटलं, आणि नेमकं तेच तिला पुढे जन्मभर डाचणार होतं. एदिना गोळ्या टेबलावर ठेवून गेली. राबियानं त्या उचलून फडताळात वर सरकवल्या.

टाच बंद झाली. इतकी सुरेख, की राबियानं शेजारणींना बोलावून दाखवली. हिल्मो पाय पुढे करून नवरदेवाच्या ऐटीत बसला होता. भर उन्हाळ्यात त्यानं लोकरीचा स्वेटर चढवला होता. थंडी वाजते का, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "म्हातारा झालो, बाई. आता काय, उन्हातही हुडहुडी." जेवणही कमी झालं होतं त्याचं. तिला ते दिसत होतं. पण टाच डोळ्यांसमोर होती ना, गुलाबी आणि गुळगुळीत. त्यापुढे बाकी काही दिसेना.

एका सकाळी तो बरळायला लागला तेव्हा त्याला शहरात नेलं. सलाइन लागल्यावर तो थोडा शुद्धीवर आला. ताप कधीपासून आहे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"टाच बंद झाली तेव्हापासून," तो म्हणाला.

"अरे, मग मला का नाही सांगितलंस?" राबियानं विचारलं.

"तू किती खुश होतीस." तो दम घ्यायला थांबला. "आणि तुझाच नवरा टाच घेऊन दवाखान्यात आला, तर भाजलेली पोरं तुझ्याकडे कोण आणणार?"

विष रक्तात भिनलं होतं. टाच उघडायला त्याला आत न्यायच्या आधीच, दुपारी, तो गेला.

दुसऱ्या दिवशी गावात दफन झालं. मयताला आंघोळ घालणारा सुल्यो नंतर अंगणात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "राबिया, पाय सुजला होता खरा, पण जखम शोधून सापडली नाही मला. अशी टाच मी पाहिली नाही. अल्लाह तुझ्या हातांना बरकत देवो."

बायकांनी माना डोलावल्या.

"त्या टाचेनंच त्याला नेलं," ती म्हणाली. "मी ती बंद केली. घाण आत कोंडली."

मग शेजारणीनं तिचं डोकं छातीशी धरलं. "दुःखात माणूस असंच बोलतं, राबिया. त्याची वेळ भरली होती." आणि बाकीच्या कॉफी करायला उठल्या. ती खरं बोलत असेल, असं एकीच्याही मनात आलं नाही.

संध्याकाळी फळीवरची मलमाची डबी दिसेना.

"अव्दो अमिजा घेऊन गेला," एदिना म्हणाली. अव्दो हिल्मोचा जिवलग, म्हणून एदिनाचा अमिजा, म्हणजे काका. दोघांनाही मधुमेह, दोघंही बायकांच्या नकळत बकलाव्याची मिठाई खायचे. "पायाचा अंगठा चिघळलाय त्याचा. मी नको म्हटलं, तर म्हणाला, सुल्योनं काय सांगितलं ते ऐकलं नाहीस का."

राबियानं जोडे घातले. विधवेनं चार महिने घराबाहेर पडायचं नाही, असा रिवाज आहे. नवऱ्याच्या कबरीवरची माती अजून ओली होती.

"आई, लोक बघताहेत."

"गाडी काढ."

अव्दो बाकावर पाय पसरून बसला होता. अंगठ्यावर मलमाचा जाड थर. तिला पाहून तो गडबडून उठायला गेला.

"पाय धू," राबिया म्हणाली. "आणि एदिनाबरोबर दवाखान्यात जा, आत्ताच."

"मलमावर पाणी? अगं, तूच तर..."

"मी चुकले. अशा पायांना ते नाही चालत."

अव्दोनं आवाज खाली आणला. "हे बाहेर बोलू नकोस हां. उद्या तुझ्या दारात कोण येईल? हिल्मोला काय वाटेल?"

राबिया खाली बसली. त्याचा पाय मांडीवर घेऊन ती जवळच्या फडक्यानं मलम पुसू लागली. दफनापासून डोळ्यांत टिपूस नव्हतं, ते आता आलं.

"हेच वाटलं त्याला, अव्दो," ती म्हणाली. "माझी लाज राखायला तो तापात बसून राहिला."

तिचं पुसून झालं तसा अव्दोनं मोजा चढवला आणि तो एदिनाच्या गाडीकडे निघाला.