खूणगाठची चाचणी

सात वर्षं रेंगाळलेल्या पीएचडीत धनश्रीची आता एकच चाचणी उरली होती. 'खूणगाठ' नावाचं साधन. इंटरनेटवरचं पान जपून ठेवा, वाक्यावर रंग फिरवा, बाजूला शेरा लिहा. तो सगळ्यांना दिसतो. साध्या माणसाला हे जमतं का, एवढंच बघायचं. नागपूरच्या मार्गदर्शकांच्या अटी दोन. चाचणी देणाऱ्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, आणि निरीक्षकानं काही झालं तरी मध्ये पडायचं नाही. पडलात तर चाचणी बाद. पीएचडीच्या नोंदणीची मुदत येत्या सोमवारी संपत होती, म्हणजे दुसरी संधी नव्हती.

धनश्री शेजारच्या सौसरची, दोन्ही गावांच्या भांडणाबाहेरची. त्यामुळे पांढुर्ण्याच्या कॉम्प्युटर क्लासात माणसं बसवताना तिला सौसरच्या माणसाला सुचतं तेच सुचलं: दोन पांढुर्ण्याचे, दोन नदीपलीकडच्या सावरगावचे, झाला समतोल. पान निवडलं गोटमारीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत रोवलेल्या झेंड्यासाठी एकमेकांना दगडांनी फोडणाऱ्या गावांना त्यावर काहीतरी म्हणायचं असेलच.

होतं.

"'शेवटी पांढुर्णेकरांनी झेंडा तोडला,'" सावरगावच्या गजाननानं वाचलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं बोलला, "माह्या मनात येऊन राहिलं का हे लिवणारा गधा हाय." त्यानं वाक्य लाल केलं, शेरा लिहिला: खोटं. आम्ही समझोत्यानं दिला.

"माह्या मनात येऊन राहिलं," समोरून पांढुर्ण्याचा अंकुश म्हणाला, "का समझोता तुमाले मार खाल्ल्यावरच आठवते."

त्याला हेच उत्तर म्हणून लिहायचं होतं. पण 'उत्तर' आणि 'पुसा' ही बटणं शेजारीशेजारी, एकाच रंगाची. गजाननचा शेरा त्याच्या डोळ्यांदेखत गेला.

धनश्रीनं लिहिलं: बटणांची जागा चुकीची. गंभीर दोष. असा दोष सापडायला लोक वर्षानुवर्षं घासतात.

"पुसलं काहून बे?"

"म्या नाई पुसलं!"

"मंग भुतानं पुसलं?"

चूक बटणाची आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलं. तिनं गिळलं.

गजाननच्या स्टुलानं अंकुशचा ओठ फाटला. एक दात कीबोर्डवर पडला. पांढुर्ण्याचा राहुल सोडवायला धावला, पण तसं मोठ्यानं बोलला नाही, म्हणून सावरगावच्या इंदूनं त्याच्या कानशिलात स्टीलची बाटली घातली. "माह्या मनात येऊन राहिलं का आणखी एक द्यावं," ती म्हणाली आणि दिली. राहुल भिंतीला टेकून खाली घसरला. भिंतीवर लाल पट्टा उमटला.

वेळ सात मिनिटं, धनश्रीनं लिहिलं. सहभाग उत्स्फूर्त.

मग गजाननानं माउसची वायर अंकुशच्या गळ्याभोवती आवळली. अंकुश बोलायचा थांबला. सहभागी गप्प झाला तर निरीक्षकाला एकच प्रश्न विचारायची मुभा असते.

"आता मनात काय येतंय?" तिनं विचारलं.

अंकुशचे डोळे बाहेर आले होते. ओठ जांभळे पडत चालले होते.

धनश्रीनं दोन्ही हातांनी कीबोर्ड उचलला आणि गजाननच्या कानामागे हाणला. पहिल्या फटक्यात नुसती बटणं उडाली. दुसऱ्यात तो पडला.

"अवं मॅडम," इंदू मागं सरली, "तुमी त सौसरच्या ना?"

"अंकुशनं मुद्दाम पुसलं नव्हतं," धनश्री धापा टाकत म्हणाली. आता बोलायला हरकत नव्हती. "बटणाची चूक होती."

अंकुशनं गळा चोळला, रक्त थुंकलं. "मंग पैलेच काहून नाई सांगतलं?"

तिनं चारही फॉर्मवर 'बाद' लिहिलं आणि गजाननचं डोकं मांडीवर घेऊन जखमेवर ओढणी दाबून धरली.