धोंड्याच्या महिन्यातली फाइट

बॉक्सर मानूस कधी 'नाई' म्हनत नाई, हे मले माह्या पोरानं शिकवलं. फाइट नको असली तरी तो 'हो'च म्हनते, अन् मंग एकेक अट काढते. हातमोजे अमुकच पाह्यजे, पंच तमुक नको, बॅनरवर माहं नाव वर पाह्यजे. लगनाचं स्थळ नको असलं का लोक पत्रिका जुळत नाई म्हनतात, तसंच हे. पोरगी पसंत नाई असं तोंडावर कोनी म्हनते का?

माहा अंकुर अकोल्याचा बॉक्सर. आमी मूळचे बार्शीटाकळीकडचे, वावर अजून तिकडंच हाये, पन पोराच्या प्रॅक्टिसपायी अकोल्यात खोल्या केल्या. तिकडं अमरावतीत सोहम नावाचा एक होता. दोघाइचं वजन सारखं, अन् दोघंबी तोवर कोनाकडून हरले नव्हते. मोबाइलवर एकमेकाइले काहीबाही बोलत. तो याले म्हने अकोल्याच्या उन्हानं तुहा मेंदू वाळला, हा त्याले म्हने तू क्लासेसच्या गावचा, तुले बुक्की मारायलेबी शिकवनी लावा लागते. सारं वऱ्हाड मोबाइल पाहून हासे. फाइट मात्र काही होये ना. अंकुर म्हने अकोल्यात ये, सोहम म्हने अमरावतीत ये. मूर्तिजापूर मधात पडते, तिथं करा म्हनलं, तं दोघंबी म्हनले तिथलं पानी मानवत नाई.

मी आई हावो, मले खरं कारन माहीत होतं. हरलो तं गावात तोंड कसं दाखवू, एवढंच. बाकी सारे बहाने.

अशात माही पोरगी प्रणाली एक दिवस घरी येऊन म्हनते, मले सोहमसंग लगन कराचं हाये. भावाच्या फाइटा पाह्यले जात जा म्हनून मीच तिले धाडत होती, अन् ही बाई तिथं पाहत कोनाले होती ते असं निघालं! अंकुर आठ दिवस कोनाशी बोलला नाई. पन पोरगा कमावता, घर चांगलं, मंग नाई कायले म्हना? लगनात कानपिळी आली. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळते ना, ते. तं अंकुरनं कान असा पिळला का सोहमच्या डोळ्यात पानी आलं अन् भटजी मंत्र विसरला. मी म्हनलं झाली यायची फाइट, सुटलो बापा एकदाचे. कुठचं काय!

आता या फाइटीपायी माह्या जिवाले काहून घोर लागला ते सांगते. माहं मायेर धामणगाव रेल्वेचं. माहा भाऊ सहदेव अन् आमचे हे, रामराव, दोघंबी शंकरपटाचे मोठे शौकीन. बैलजोड्याइची शर्यत दिसली का जेवनखावन विसरत. एका हिवाळ्यात सहदेवची जोडी आमच्या जोडीच्या पुढं निघाली. तेवढं चाललं असतं, पन तो सगळ्यायच्या देखत म्हनला, "जवाईबापू, बैलाइले सरकीची ढेप चारत जा, नुस्ता रुबाब चारून ते पळत नाई." झालं. तवापासून यायनं धामणगावात पाय टाकला नाई. मी एकटी जाऊन आली का घरात असा अबोला राहे का मीच जानं सोडलं. राखी पोस्टानं धाडते. भावाचे केस पांढरे झाले ते मले फोटोत दिसले.

दर तीन वर्षानं धोंड्याचा महिना येते, अन् त्या महिन्यात जवायाले जेवाले बोलवाची, वान द्याची रीत हाये. सहदेव न चुकता सांगावा धाडते. अन् आमचे हे कधी नाई म्हनत नाई! येतो ना, म्हनतात. मंग वावरात काम निघते, मंग कंबर धरते, मंग ऊन लय हाये. म्हनून म्हनलं, बॉक्सर मले नवे नाई. मी बॉक्सरची आई मागून झाली, बायको आधीची हावो.

यंदा जेठातच धोंडा आला. धोंड्यात लगनं लागत नाई, म्हनून अमरावतीच्या देवीदासचे मंडप गोदामात अन् डीजे पोत्याखाली पडला होता. हा देवीदास लगनाचे मंडप टाकते अन् मधामधात फाइटाबी भरवते. रिकामा बसल्या बसल्या त्याले अक्कल सुचली. एक लगनाचं लॉन सस्त्यात घेतलं अन् कोनाले न इचारता अकोल्यापासून अमरावतीपर्यंत बॅनर लावले. एकीकडं अंकुर, दुसरीकडं सोहम, मधात हे मोठ्ठं: साळा विरुद्ध जवाई.

इतके वर्ष दोघं मोबाइलवर शिव्या देत होते तवा कोनी तिकीट काढतो म्हनलं नाई. हे बॅनर लागलं अन् लोक तुटून पडले. ज्या बायाइले बॉक्सिंग अन् कुस्तीतला फरक कळत नाई त्याबी माह्याकडं पास मांगाले येऊ लागल्या. लोकाइले बुक्क्या नसतात पाह्याच्या, दुसऱ्याच्या घरातलं भांडन पाह्यचं असते. देवीदासले हे बरोबर कळलं होतं, मेल्याले.

अंकुरले वाटलं जवाई नाई म्हनीन. जवायाले वाटलं साळा नाई म्हनीन. दोघंबी एकमेकाची वाट पाहत हो म्हनून बसले.

मंग प्रणालीचा फोन आला. सासरचे म्हनतात तुह्या भावाले आमचं पोट्टं लोळवते पाह्य, माहेरच्या मैत्रिनी म्हनतात तुह्या नवऱ्याचं नाक सांभाळ. नवरा रोज हळूच इचारते, अंकुर माघार घेऊन राहिला का? भाऊ रोज हळूच इचारते, जिजाजी माघार घेऊन राहिले का? हे सारं सांगून ती रडाले लागली.

"आई, कोनीबी जिंको," ती म्हनली, "मी तं हरलीच."

एका घरच्या मानसानं दुसऱ्या घरच्याले चार लोकात हरवलं का काय होते ते मी अर्धी जिंदगी भोगून राहिली. लेकीचं मायेर मी असं तुटू देत नाई, मनात पक्कं केलं. रामरावाइले सांगून फायदा नव्हता. ते पुढच्या रांगेचं तिकीट खिशात घालून फिरत होते.

आता बॉक्सरचं एक असते. फाइटीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहा लागते. ठरल्यापक्षा वजन जास्त भरलं का फाइट रद्द. त्यापायी हे पोट्टे हप्ताभर उपाशी राहतात, प्लास्टिकचं जाकीट घालून उन्हात पळतात, पान्याचा घोट बी मोजून घेतात. अन् आपल्याकडं रीत अशी का धोंड्याच्या जेवनाले आलेल्या जवायानं पानात टाकाचं नाई. सासूनं वाढलं तं नाई म्हनाचं नाई. मी वजनाच्या आदल्या दिवशीचं आवतन धाडलं.

देवाधर्माचा महिना अन् मी जवायाले कपट करून जेवू घालून राहिली, म्हनून पह्यले देवापुढं कान धरले. मंग पुरन घातलं. कनकेत पुरन भरून धोंडे वाफवले, तूप कढवलं, अनारसे तळले. जवाई आले तं गालं बसलेले, ओठ वाळलेले. मले एवढी कीव आली का हात थांबला. मंग प्रणालीचा फोन आठवला अन् ताटात धोंडे वाढले, वरून तुपाची धार धरली.

"एवढं नाई जमनार, आई," जवाई म्हनले.

मी ताटाजवळ दिवा लावला, धोंड्यात जवाई म्हंजे नारायन. जवाई दिव्याकडं पाह्यत राह्यले, अन् जेवाले बसले. ताट साफ केलं. आता उठतीन असं मले वाटलं, तं म्हनतात, "अजून एक वाढता का?" मंग अजून एक. मंग अनारसे. आग्रह कराले मी कंबर कसून बसली होती, अन् इथं मले वाढाची फुरसत मिळेना. जवायाच्या तोंडावर उपाशी मानसाची भूक तं होतीच, पन सुटल्याचा आनंद बी होता, तो मी वळखला.

धोंडे आनाले सैपाकघरात गेली, तं पातेलं रिकामं. ओट्याच्या मांगं माहा अंकुर खाली बसला होता, तोंडाले तूप, हातात अर्धा धोंडा. मी त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं माह्याकडं पाह्यलं. मले हासू बी आलं अन् राग बी. सरळ नाई म्हनाले यायची जीभ झडते, पन खाऊन खाऊन फाइट बुडवाले दोघंबी तयार! जाऊ द्या, म्हनलं, काम झालं. त्या दिवशी माहा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत लॉनवर वजनाले ही गर्दी. जवाई काट्यावर चढले, जास्त भरले. लोक ओरडले. अंकुर चढला, तो बी जास्त. दोघं खाली मुंडी घालून उभे राह्यले. मी प्रणालीचा हात दाबला अन् आता घरी चाला म्हनाले तोंड उघडलं, तेवढ्यात देवीदासनं माइक घेतला. त्यानं दोन मिंट डोस्कं खाजवलं होतं, बस. म्हनते, दोघंबी सारखेच जड भरले, मंग अडचन कोनती? वरच्या वजनात खेळवू. दोघंबी राजी हायेत का?

अंकुरनं सोहमकडं पाह्यलं. सोहमनं अंकुरकडं पाह्यलं. नाई पह्यले कोन म्हनते याची दोघंबी वाट पाहत राह्यले, अन् मंग दोघायनं बी मान हालवली. मीच खाऊ घालून दोघाइले एका वजनात आनून ठेवलं होतं.

फाइट दुसऱ्या दिवशी सांजच्याले. उनाचा भपका तसाच होता. प्रणाली डोळे मिटून बसली अन् मले इचारत होती, काय झालं, कोनं मारलं. पह्यल्या फेरीत कोनी काही मारलं नाई. दुसऱ्या फेरीत जवायाची बुक्की अंकुरच्या नाकावर बसली, रगत आलं. रामराव खुर्चीवर उभे राहून ओरडले. मंग अंकुरनं दिली एक, जवायाचा डोळा सुजला. मी प्रणालीले खोटंच सांगलं का अजून काही झालं नाई.

तिसऱ्या फेरीत पुरन बोललं. दोघायचा दम उखडला, पोटं जड, पाय उचलत नाई. एक जन दुसऱ्याच्या गळ्यात पडला अन् दुसऱ्यानं त्याले धरून ठेवलं. पंच सोडवे, हे पुन्ना गळ्यात पडत. लोक म्हने हे काय लगनातली मामेभेट करून राहिले, आमचे पैसे वापस द्या. मी मात्र प्रणालीले म्हनलं डोळे उघड. तिनं उघडले. नवरा अन् भाऊ एकमेकाच्या खांद्यावर मुंडकं टेकवून उभे होते, पडू नये म्हनून. ती इतकी हासली का तिच्या डोळ्यात पानी आलं.

पंचानं बरोबरी दिली. देवीदासनं माइक सोडला नव्हता. म्हनते, पुढच्या महिन्यात पुन्ना, अकोल्यात!

"नाई," दोघंबी एकदम म्हनले.

इतक्या वर्षात बॉक्सरच्या तोंडातून सरळ नाई मी पह्यल्यांदा ऐकलं. बापा, कान निवले.

मंग आमी नवरीच्या खोलीत गेलो. लॉनवर कपडे बदलाले दुसरी खोली नव्हती. आरशाभोवती बल्ब लागलेले, अन् तिथं जवाई अंकुरच्या नाकावर बरफ धरून बसले होते. त्यायचा सवताचा डोळा पुरा बंद झालता. अंकुर म्हने, "जिजाजी, हळू." जवाई म्हने, लगनात माहा कान पिळला तवा तू हळू पिळला होता का? रामराव दारातच थांबले. आत आले नाई, दोघाइकडं पाह्यत राह्यले. मले वाटलं फाइट पडेल झाली म्हनून तोंड उतरलं असन.

रात्री प्रणालीच्या घरी मुक्काम केला. सकाळी आटोनं बडनेऱ्याले आलो, अकोल्याची गाडी धराची होती. पुऱ्या रस्त्यात हे बाहेरच पाहत होते. मी दोनदा इचारलं तब्येत बरी हाये ना, तं नुस्ती मान हालवली. ठेसनावर मले बाकड्यावर बसवून तिकीट काढाले गेले. आले अन् तिकीट माह्या हातात देल्लं. मी चश्मा लावून पाह्यलं. तिकीट धामणगावचं होतं.

मी यायच्याकडं पाह्यलं. हे रुळाकडं पाहत होते.

"सहदेवचे बैल त्या दिवशी खरंच जोरात होते," हे म्हनले. "अन् धोंडा अजून सरला नाई ना? मी बी कोनाचा तं जवाई हावो."

अन् माह्या तोंडातून शब्द फुटला तं काय फुटला! आधी सांगाले काय झालं होतं? इतक्या वर्षानं मायेरी जाची अन् पिशवीत धड एक लुगडं नाई, अंगावरचं फाइटीच्या गर्दीत चुरगळलं, भावासाठी संत्राबर्फीचा डब्बा नाई, माही वयनी काय म्हनन? गाडी आली, आमी चढलो, खिडकीजवळ जागा मिळाली. डोळे पुसत पुसत मी यायले धामणगावपर्यंत बोलत गेली, अन् आमच्या यायनं एकदाबी उलटून उत्तर देल्लं नाई.