विरजणाची वाटी

आमच्या घरी घरचे विरजण लागत नाही, ही गोष्ट मोताळ्यात आमच्या गल्लीला पाठ होती. म्हैस होती, दूध होते, दह्यावाचून ज्यांचा घास उतरत नाही असे आबा होते. पण आदल्या दिवशीच्या दह्याचे विरजण दुधाला लावले की दूध तसेच राहते, असे माझी माय सांगे. म्हणून ती रोज दुपारी भांडी घासून झाली की एक चेमटलेली पितळी वाटी पदराखाली घेऊन शेजारच्या झुंबरबाईकडे विरजण आणायला जाई. माझे लग्न होऊन मी अकोल्याला गेले तेव्हाही जात होती. वारली त्याच्या आदल्या दुपारीसुद्धा गेली होती.

या दोषावर घरात उपाय पुष्कळ झाले. माझी आत्या, मंजुळाबाई, हिने दह्याचे शिंके उत्तरेच्या कोनाड्याजवळून काढून पूर्वेला टांगवले. आबांनी मलकापूरच्या बाजारातून नवे मडके आणले. म्हशीची दृष्ट काढली. मायने प्रत्येक उपाय मान खाली घालून करू दिला आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन निघाली. मी अकोल्याला आल्यावर वाचायला शिकले म्हणा किंवा वाचनाने मला धरले म्हणा. माझे यजमान शाळेत मास्तर, त्यामुळे शाळेचे कपाट माझ्या हाती आले. त्यातले एक पुस्तक वाचून मी माहेरी येऊन मायला दह्यातले जंतू समजावून सांगितले. ती भाकरी थापत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अस्सं काय? मंग आपल्या घरचे जंतू रात्री झुंबरबाईकडे पळून जात असतीन." मी तिच्या अज्ञानाची कीव केली.

आबांना मात्र या दोषाचे फारसे दुःख नव्हते, कारण त्याची भरपाई त्यांच्या ताटात होत असे. माय मडके उपडे करून, बोटाने निपटून, शेवटचे दही त्यांना वाढी. "उद्यासाठी ठेव थोडं," असे ते एखादवेळी म्हणत. "ठेवून काय करू? लागते थोडंच," ती म्हणे. गल्लीतल्या बायका सुनांना सांगत, नवऱ्याला वाढावे तर कौशल्याबाईसारखे.

आबा, म्हणजे उकंडराव, गावात दुसऱ्या एका कारणाने ओळखले जात. ते चहाचे वैरी होते. चहाच्या कंपनीची गाडी एकदा मोताळ्याच्या बाजारात आली, भोंग्यावर गाणी वाजवून लोकांना फुकट चहा पाजू लागली, तेव्हा आबा बैलगाडीच्या साटीवर उभे राहून बोलले. चहाने रक्त सुकते, दूधदुभते आटते, माणूस विलायतेचा मिंधा होतो. फुकटचा चहा पीत पीतच लोकांनी ते ऐकले. तेव्हापासून कुठे चार माणसे जमली की आबा तेच बोलत, आणि शेवट नेहमी एकच असे: "माह्या घराच्या उंबऱ्याच्या आत चहाचं पान आलं नाई, आन् माह्या बायकोच्या तोंडाले लागलं नाई. घरात जाऊन पाहा." लोक घरात पाहत. आत माय चुलीशी बसलेली असे.

माय गेली ती सकाळी, झाडलोट करता करता. सारवणाचा हात अर्धा राहिला होता. मी पोहोचले तेव्हा घरातले शिजलेले अन्न, भरलेले पाणी सगळे बाहेर ओतून झाले होते. फक्त दह्याचे मडके शिंक्यावर तसेच होते. "गोरस टाकत नाईत," आत्याने सांगितले. त्या दिवशी आबांच्या ताटात मडके उपडे करायला कोणी नव्हते, म्हणून तळाशी दही उरले होते.

सुतकात विरजण देत नाहीत, घेत नाहीत. पण म्हशीला सुतक नसते. राख सावडून आल्यावर चूल पेटली, दूध तापले, आणि आत्याने मडक्यातले उरलेले आंबट दही त्यात टाकले. टाकायचे म्हणून टाकले. सकाळी पाहते तर दही असे घट्ट की सुरीने वडी पाडावी.

आत्याने मडके दोन्ही हातांत धरून ओट्यावर आणले. भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या.

"पाहा वो माय," ती म्हणाली. "घरचं विरजण. शिंकं तेच, म्हैस तेच."

"मंग आता कसं लागलं?" शालूबाईने विचारले.

आत्याने मडके खाली ठेवले, पदर तोंडाला लावला. "आता मेल्या माणसाबद्दल काऊन बोलावं? पण हातच नव्हता तिचा. हाताले बरकत नव्हती. माह्या भावाचा संसार तरी असाच राह्यला, ना धड वर ना धड खाली. आता समजलं काऊन."

बायकांनी माना हलवल्या. ज्या हाताचे त्या सुनांना दाखले देत, तोच हा हात. दहाव्यापर्यंत ही गोष्ट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली. गल्लीतली पुष्पाबाई मला हळूच म्हणाली की मीही दूधदुभत्याला जरा जपून हात लावावा, आईचे लेकीत उतरते. मी पाणी भरत होते. घागर भरून घेतली आणि आत आले. मायने आयुष्यभर त्या हातांशिवाय दुसरे काही बाळगले नव्हते, आणि आता तेही तिच्याकडून काढून घेत होते.

आबांना विचारले, तर ते म्हणाले, "लोकायचं तोंड कोण धरते?" आणि भिंतीकडे वळून बसले. मग तिकडूनच म्हणाले, "हात चांगला होता तिचा." हे वाक्य ओट्यावर जाऊन म्हणावे, असे काही त्यांना वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईने मला परसातल्या भिंतीवरून हाक मारली. "कोकिळा, इकडं ये व. मागच्या दारानं ये."

झुंबरबाई माळ्याची. तिचा नवरा कडूबा मलकापूरला भाजी घेऊन जाई. तिच्या चुलीवर एका लहान गंजात काहीतरी उकळत होते, आणि त्याचा वास मला ओळखीचा वाटला. अकोल्याला मी रोज सकाळी चहा घेते. आबांना ते ठाऊक नाही.

तिने फडताळातून एक बशी काढली. पांढरी, निळ्या काठाची, एका बाजूला टवका गेलेली.

"हे तुह्या मायची," ती म्हणाली. "कडूबानं आणली होती. कपही होता, तो फुटला. ती म्हणे, कप नाई पाहिजे, बशीतच बरा लागते."

मी बशी हातात घेतली.

"रोज?"

"रोज. गुळाचा. बसे इथं पाय लांब करून, भिंतीले टेकून. एक बशी पिऊन होईस्तोवर कोणाचं काई नाई, असं म्हणे. मंग लवंग चावे आन् जाये घरी. विरजण मी द्यायची, नाई असं नाई. पण विरजणासाठी कोणी एवढा वेळ बसते काय?"

मायच्या तोंडाला दुपारी लवंगेचा वास येत असे. तिची दाढ दुखते, असे मी समजत होते. एकदा तिला लवंगेचे तेलसुद्धा पाठवले होते.

"म्हणजे घरचं विरजण..."

"काऊन नाई लागणार? उरलं तर लागीन ना!" झुंबरबाई हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. "तुह्या बापाच्या ताटात निपटून टाके सगळं. मी म्हणे, कौशल्या, एक दिवस तुले पकडतीन. ती म्हणे, त्याइले दही आवडते, मले च्या आवडते, दोघायचंही होते."

तिने बशीत चहा ओतला. मी प्यायले नाही, सुतक होते. तिनेही आग्रह केला नाही. बशी दोघींच्या मध्ये निवत राहिली.

"आता ते मंजुळा तिच्या हाताले नावं ठेवून राह्यली," झुंबरबाई म्हणाली. "मले ऐकवत नाई. तेरवीले मी उभी राहून सांगतो सगळ्याइले. हात सोन्याचा होता माह्या मैतरणीचा."

"मग आबा?"

"हाव," ती म्हणाली आणि चुलीतले लाकूड मागे ओढले.

आबांना गाव हसले असते, तेही मी सोसले असते. पण हाताला बरकत नसलेली बाई आणि नवऱ्याच्या नाकाखाली चोरून चहा पिणारी बाई, यांतून गल्लीने दुसरीच आनंदाने उचलली असती. पहिली तरी बिचारी होती. मी झुंबरबाईला म्हटले, "मावशी, तेरवीपर्यंत काही बोलू नका."

तेरवीच्या कढीला दही पुष्कळ लागणार होते. आदल्या दिवशी दिवेलागणीला ते विरजायचे होते, आणि ते आत्याच आपल्या हाताने विरजणार हे आत्याने आधीच जाहीर केले होते. बायकांना बोलावले होते. मोठ्या गंजात दूध तापवायचे काम माझ्याकडे आले, कारण लेकीत उतरलेला दोष दूध तापवण्याला लागत नसावा.

"कोमट झालं काय वं?" आत्याने ओट्यावरून विचारले.

दूध नुकते उकळून खाली उतरवले होते. मी वरची साय मोडू दिली नाही, म्हणजे वाफ दिसू नये, आणि फुंकणी कोपऱ्यात ठेवली. "या आत्याबाई," मी म्हटले.

बोट बुडवून पाहील, अशी भीती होती. पण सगळ्या बायका पाहत असताना बरकतीच्या हाताने बोट बुडवून खात्री करायची नसते. तिने देवाचे नाव घेतले, सगळे विरजण गंजात सोडले, पळीने ढवळले आणि वर ताट झाकले. घरात विरजणाचा दुसरा थेंब उरला नाही.

मायला समजावून सांगितलेल्या त्या पुस्तकात, जंतू कशाने मरतात हेही दिलेले होते.

सकाळी ताट काढले तेव्हा दही लागलेच नव्हते. थोडे आंबूस, थोडे फाटल्यासारखे. आत्याने पळी घालून पाहिली, मग दुसऱ्या बाजूने पाहिली. शालूबाई वाकली, पुष्पाबाई वाकली.

"म्हणजे हाताचं नाई," शालूबाई म्हणाली.

"घराचंच आहे," पुष्पाबाई म्हणाली. "मी पहिल्यापासून म्हणत होती."

"मंग त्या दिवशी कसं लागलं?" कोणीतरी विचारले.

यावर आत्याने स्वतःच उत्तर दिले. "ते कौशल्यानं विरजलेल्या दह्याचं होतं. शेवटचा हात तिचा. तिची पुण्याई." आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटते, ते डोळे खरेच भरले होते.

कढीचे दही झुंबरबाईच्या घरून आले. आबांनी आपल्या हाताने मायच्या नावाच्या पानावर दह्याची मोठी वाटी ठेवली. "तिचं दह्यावर फार मन," ते जमलेल्यांना म्हणाले. "विरजणासाठी रोज दुपारी उन्हाचं जाये बिचारी. दुसरं कशाचं मन नाई. चहाचं पान तोंडाले लागलं नाई." मायने दही कधी खाल्ले नाही, तिचे सांधे धरत. झुंबरबाईने माझ्याकडे पाहिले. मी पानाभोवती पाणी फिरवले.

पंगत उठली, भांडी घासून झाली. आत्या ओट्यावर लवंडली होती. आबा दाराशी बसले होते.

"आबा, घरात विरजण नाही," मी म्हटले.

"मंग आणा लागते," ते म्हणाले.

कोनाड्यातली चेमटलेली वाटी घेतली, पदराखाली धरली आणि मागच्या दाराने गेले. झुंबरबाईच्या गंजात आधण आले होते. तिने फडताळातून बशी काढली. मी भिंतीला टेकून पाय लांब केले. चहा फार गोड होता, अकोल्याला मी करते त्यापेक्षा पुष्कळ गोड, आणि बशीच्या टवक्याशी ओठ लागू नये म्हणून ती एका विशिष्ट बाजूनेच धरावी लागत होती. ती बाजू काठावरची निळी रेघ झिजल्यामुळे सहज कळत होती.

निघताना झुंबरबाईने वाटीत विरजण घातले आणि माझ्या हातावर लवंग ठेवली.

घरी आले तेव्हा ऊन कलले होते. आबा तिथेच होते.

"वेळ लागला मला," मी म्हटले.

"लागते," आबा म्हणाले. त्यांनी वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. "तुह्या मायलेही लागे."