सही जुळत नाही

गाडी घेताना माणसं इंजिन बघतात, टायर बघतात, दार आपटून बघतात. विकणाऱ्याचा हात कुणी बघत नाही. सिस्टरनेही बघितला नाही. दिवसाकाठी वीस जणांची नाडी धरणाऱ्या बाईने खरं तर तो बघायला हवा होता.

गाडी एका निवृत्त मुख्याध्यापकांची होती. सगळी वस्ती त्यांना सर म्हणायची. गाडीही त्यांच्यासारखीच, जुनी पण टापटीप. प्रत्येक दुरुस्तीची पावती त्यांनी तारखेवार लावून ठेवली होती. "बाई, या गाडीवर आजवर एकही दंड नाही," ते म्हणाले. सिस्टरने पूर्ण किंमत तिथेच दिली. नावबदलाचा अर्ज घेऊन सर आतल्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने सही करून बाहेर आले. तिला तो त्यांचा रुबाब वाटला.

गाडी काही चैनीसाठी नव्हती. दवाखान्यात घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या परिचारिकेची कायमची जागा निघाली होती आणि अट एकच होती, महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या नावावर गाडी. सात वर्षं सिस्टर तिथेच कंत्राटावर राबत होती. दर सहा महिन्यांनी नोकरी राहते की जाते या धाकधुकीने तिचं अर्धं आयुष्य खाल्लं होतं.

वाहन नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज जुन्या कागदाशेजारी ठेवला आणि मान हलवली. "सही जुळत नाही. मालकांना घेऊन या, माझ्यासमोर करू द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांच्या त्या कामासाठी तिने सरांना तीनदा फोन केला. पहिल्यांदा सर म्हणाले, "मी हजारो दाखल्यांवर सही केलीय. तुमच्या त्या कारकुनाला चष्मा लावायला सांगा." दुसऱ्यांदा म्हणाले, "गाडी तुमची झाली, आता डोकेदुखीही तुमचीच." तिसऱ्यांदा फोन सरांच्या बायकोने, काकूंनी घेतला. मागून सरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "ठेव तो फोन. असल्या बायकांना एकदा दारात उभं केलं की रोज येतात."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या बायका म्हणजे कसल्या, हे तिने त्या दिवसभरात स्वतःला शंभरदा विचारलं असेल.

ती पुन्हा कार्यालयात गेली. कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला, "काय करणार, नाव बदलेपर्यंत कागदावर गाडी त्यांचीच. दंडाची पत्रंसुद्धा त्यांच्याच घरी जाणार." पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी 'वाहने उभी करू नयेत' या पाटीखाली उभी केली. अगदी सरळ रेषेत, हँडब्रेक ओढून, एखादं पुण्यकर्म करावं तशी. तिसऱ्या दिवशी बँकेच्या फाटकाशी, चौथ्या दिवशी बसथांब्यावर. रुग्णवाहिकेची वाट तिने कधी अडवली नाही. तेवढी लाज आपल्याला आहे, असं ती स्वतःला बजावायची आणि मग नवी जागा हेरायची. संध्याकाळी काचेवर दंडाची चिठ्ठी दिसली की तिचा जेवणावर चांगला हात चालायचा. जन्मभर शिस्तीचे धडे देणाऱ्या माणसाच्या दारात पोस्टमन रोज दंडाचं पत्र घेऊन उभा आहे आणि शेजारी जिन्यावरून माना काढून बघताहेत, हे चित्र तिला फार आवडायचं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी सर काकूंना घेऊन दवाखान्याच्या पायरीशी हजर झाले. काखेत दंडाच्या पत्रांची आणि भरलेल्या पावत्यांची फाईल होती.

"बाई, हे थांबवा."

"सही जुळली की थांबेल, सर."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आज गाढव व्हायला सिस्टर आनंदाने तयार होती.

कार्यालयात काकू बाहेरच्या बाकावर बसल्या. कारकुनाने कोरा अर्ज पुढे केला. सरांनी पेन घेतलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. तरी पेनाचं टोक कागदावर भरकटलं. अक्षराऐवजी रेघोट्यांचं जाळं उमटलं. दुसऱ्या अर्जावरही तेच. मागची रांग पुढे वाकून बघू लागली.

आता सिस्टरला सगळं दिसलं. ताठलेला खांदा, न हलणारा चेहरा, बोटांची लय. हा कंपवात ती आठवड्याला चार रुग्णांत बघायची. म्हणून सही आतल्या खोलीत झाली होती, म्हणून गाडी विकली होती, म्हणून हा माणूस इथे येत नव्हता. तिला सगळं कळलं, आणि तरी तिचा राग गेला नाही. उलट नेमकं कुठे दुखतं ते आता समजलं होतं.

"हात थरथरतो असं डॉक्टरांचं पत्र आणा, मग कशीही सही चालेल," कारकून हळू आवाजात म्हणाला. "नाहीतर अंगठा."

सर तिच्याकडे वळले. "सिस्टर," ते म्हणाले. आजवर ती त्यांच्यासाठी नुसती बाई होती. "तुमचे डॉक्टर देतील का हो पत्र? मी थांबतो हवं तर."

डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे दवाखान्यात बसले होते. तिच्या एका शब्दावर त्यांनी उभ्या उभ्या पत्र लिहिलं असतं.

"डॉक्टर आज रजेवर आहेत," सिस्टर म्हणाली.

शाईचं पॅड आलं. अंगठा काही चौकटीत टिकेना. "तुम्हीच धरा जरा," कारकून तिला म्हणाला. तिने सरांचं मनगट धरलं. सवयीने तिची बोटं नाडीवर गेली. नाडी भरभर पळत होती. तिने अंगठा कागदावर दाबला आणि ठसा स्वच्छ उठला.

बाहेर काकूंनी विचारलं, "झाली का हो सही?" सरांनी हात खिशात घातला आणि "झाली" म्हणाले. काकू सिस्टरजवळ येऊन म्हणाल्या, "रागावू नका हो. तोंड तिखट आहे, पण मनात काही नसतं त्यांच्या." सिस्टर कागद घ्यायला खिडकीकडे वळली. ते दोघं बसथांब्याकडे चालू लागले.

दुपारी तिने नवे कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी ते वाचले आणि नेमणुकीचं पत्र तिच्या हातात दिलं.

"शेवटच्या दिवसापर्यंत ताणलंत की. कुठे अडलं असेल तर सांगायचं होतं, मी सकाळपासून रिकामाच बसलोय."

"काही अडलं नाही," ती म्हणाली.

मग ती खाली येऊन स्वतःच्या नावावरच्या गाडीत बसली. कितीतरी वेळ तिला चावी फिरवावीशी वाटली नाही.